अंदाज खोडायचा नाही

बाई गेल्याचं मला प्रेसमध्ये कळलं. ट्रेडल मशीन चालू होतं, आमच्या नव्या पत्रकाचं प्रूफ माझ्या हातात अजून ओलं होतं, आणि मथळ्यातलं एक अक्षर उलटं बसलं म्हणून मी कंपोझिटरशी हुज्जत घालत होतो. तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून गणपत आत आला. गणपत माझा तिसरीतला बाकावरचा जोडीदार. आता पोस्टात आहे. त्याने खाकी टोपी काढली आणि हातात धरली, तेव्हाच मला काहीतरी समजलं.

"हरकरे बाई गेल्या गा," तो म्हणाला. "काल सकाळी."

मशीनच्या आवाजात मी दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं. मग तो म्हणाला, "तू गेला होता ना भेटाले? दवाखान्यात?"

"गेलो होतो."

"बोलला?"

मी म्हणालो, बोललो. गणपतने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं मी काय बोलायला गेलो होतो. आणि मी ते बोललो नाही, हेही त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण पुढे त्याने काही विचारलं नाही. टोपी घालून तो निघून गेला...

याला सहा आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांना कमल हरकरे हे नाव माहीत असण्याचं काहीच कारण नाही. त्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या, बस. कोणत्या समितीवर नव्हत्या, त्यांच्या गळ्यात कुणी हार घातला नाही, वर्तमानपत्रात त्यांचं नाव कधी आलं नाही. एका पत्रकात मात्र आलं होतं. ते पत्रक मी लिहिलं होतं. म्हणून हा लेखही मलाच लिहावा लागतो आहे.

बाई शहराच्या जुन्या भागातून, महालातून यायच्या, सायकलवर. आमची वस्ती शहराच्या उत्तरेला, रेल्वे लाइनच्या पलीकडे. तिथे सायकलवर येणारी बाई पाहायला पहिले काही दिवस पोरं नाक्यावर उभी राहायची. हँडलला एक कापडी पिशवी, आणि पिशवीत फिरकीचा पितळी तांब्या. मधल्या सुट्टीत बाई फिरकी उघडून त्यातलं पाणी प्यायच्या. शाळेत आमचा माठ होता. बाईंनी त्या माठातलं पाणी कधी घेतलं नाही. त्या कधी काही वाईट बोलल्या नाहीत, आम्हाला पाठीवर हात ठेवून शिकवायच्या, नाक पुसायच्या, पण पाणी घरचं. आठ वर्षांच्या पोराला हे दिसत नाही असं मोठ्यांना वाटतं. दिसतं. सगळं दिसतं.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मिलमध्ये मागावर होते. सभा झाली की ते खिशात पत्रकं घेऊन यायचे आणि पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचे. मी वाचायला शिकलो ते त्या झाकणावर. 'बंधूंनो' हा मी वाचलेला पहिला शब्द. धर्मांतराच्या वर्षी मी जेमतेम चालायला लागलो होतो. त्या दिवशी वडिलांनी घरात एक नियम केला, तो आजही आहे. आमच्या घरात कुणी ओंजळीने पाणी पीत नाही. नळावरसुद्धा नाही. वडिलांच्या लहानपणी त्यांच्या गावात पाटलाच्या ओसरीखाली वाकून, दोन्ही हात जोडून उभं राहावं लागे. वरून कुणीतरी पाणी ओते. निम्मं कोपरावरून मातीत जाई. "माह्या घरात हे होणार नाही," वडील म्हणायचे. "गिलास घ्या, वाटी घ्या, काहीच नसन तर तहान घ्या." आम्ही तहान घेतली आहे, हे मी साक्षीने सांगतो.

तिसरीत बाई आम्हाला माप शिकवायला लागल्या तेव्हा नवी मापं येऊन फार दिवस झाले नव्हते. बाजारात शेर आणि पायली बोलली जात होती, पुस्तकात किलो आणि लिटर छापून आलं होतं, आणि मास्तर लोक कोष्टक पाठ करून घेत होते. बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, "हा बाक किती वीत लांब आहे, सांगा. मोजायचं नाही. नुसतं बघून सांगायचं." आम्ही ओरडलो. सात, वीस, शंभर. त्यांनी प्रत्येकाला पाटीवर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'माप'. आधी डावीकडे लिहा, मग मोजा, मग उजवीकडे लिहा.

माझं माप आलं अकरा. गणपतचं नऊ. बाक एकच. मी म्हणालो तू खोटारडा, तो म्हणाला तू लबाड, आणि आम्ही बाकाखाली शिरून एकमेकांचे केस धरले. बाईंनी दोघांना कानाला धरून उभं केलं.

"कोण खोटं बोलून राहिला?"

"हा!" आम्ही दोघे.

"हात दाखवा." आम्ही पंजे एकमेकांना टेकवले. गणपतचा पंजा माझ्यापेक्षा बोटभर मोठा. "आता सांगा, कोण खोटं बोलला?"

कुणीच नाही. दोघेही खरे आणि उत्तरं दोन. हे मला फार भयंकर वाटलं होतं, अजून आठवतं. मग बाई म्हणाल्या, भांडण नको, सगळ्यांनी मिळून एकाची वीत ठरवा, तीच वर्गाची वीत. आम्ही मतदान केलं. चिंधू निवडून आला, कारण तो सगळ्यांत थोराड होता आणि त्याने मत न देणाऱ्याला बदडायची धमकी दिली होती. चार दिवस चिंधूचा काय रुबाब! खिडकी मोजायची, बोलवा चिंधूला. फळा मोजायचा, बोलवा चिंधूला. पाचव्या दिवशी चिंधूला हिवताप आला आणि वर्गाचं मोजणंच बंद पडलं. "आता कसं करायचं?" बाईंनी विचारलं. गणपत म्हणाला, "त्याचा हात आणू का बाई, घरून?" अख्खा वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "तेच करू. हात नाही, हाताचं माप आणू."

दुसऱ्या दिवशी त्या बुरडाकडून बांबूच्या पट्ट्या घेऊन आल्या, प्रत्येकाला एक. कापडाच्या दुकानातल्या लोखंडी मीटरला लावून आम्ही त्या कापल्या, ब्लेडने खाचा पाडल्या. तो माझा मीटर. मी त्याने झोपडी मोजली, नाली मोजली, आजीची गोधडी मोजली. शाळेच्या फाटकापासून वर्गाच्या ओट्यापर्यंतचं अंतरही मोजलं आणि मग पावलांनीही मोजलं. माझी बावीस पावलं. घरी येऊन वडिलांना चिंधूची गोष्ट सांगितली तेव्हा ते बिडी विझवून उठून बसले. "एका माणसाच्या हातात माप ठेवाचं नाही," ते म्हणाले. "सगळ्यायले एकच माप. अरे, हेच तर आपण म्हणून राहिलो! त्या बाईले हे कोणी शिकवलं?"

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. अंदाज खोडायचा नाही. माझा अंदाज बाकासाठी सात वीत होता, माप अकरा. मी थुंकी लावून सात पुसले आणि अकरा लिहिले. बाईंनी पाटी पाहिली, ओला डाग पाहिला आणि मला पुन्हा सात लिहायला लावलं. म्हणाल्या, "चुकला म्हणून मी तुला मारलं का? चुकलेला अंदाज राहू दे. किती चुकलो ते त्याच्यामुळेच कळतं ना?" मी रागाने सात लिहिले. पाटी फुटेस्तोवर मोठे.

नंतर मी मोठा झालो. मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, अर्ध्यात सोडलं, आणि पत्रकं लिहायला लागलो. विशीतल्या माझ्या पत्रकांची मला आज लाज वाटत नाही. त्यांत जे होतं ते बहुतेक खरं होतं. खेड्यांत विहिरी बंद होत्या, हॉटेलांत कपबश्या वेगळ्या होत्या, शाळांत पोरं मागे बसत होती. आम्ही सायकलवर फिरून गावं पाहिली होती. भास्कर माझा साथीदार, तो गोळा करायचा, मी लिहायचो. मला एकच गोष्ट येत होती. वाक्य पेटवायचं. आणि पेटलेलं वाक्य लोक हातोहात नेत.

त्या दिवशी मी सकाळी शाळेसमोरून जात होतो. उन्हाळा लागला होता. कंपाउंडची भिंत माझ्या गळ्याएवढी. पलीकडे ओट्यावर हरकरे बाई उभ्या होत्या, हातात दूधवाल्याकडे असतं तसं लांब दांड्याचं पत्र्याचं माप. ओट्याखाली आमची पोरं रांगेत. एकेक पोरगं पुढे येत होतं, वाकत होतं, दोन्ही हात जोडून ओंजळ करत होतं. आणि बाई वरून पाणी ओतत होत्या. ओंजळ भरली की पोरगं सांभाळत बाजूला वळत होतं. पीत असेल, मी धरून चाललो.

मला शाळा दिसेनाशी झाली. वडिलांचं गाव दिसलं, जे मी कधी पाहिलेलंही नव्हतं. मी किती वेळ थांबलो असेन? मिनिटभरही नाही. फाटक उघडं होतं. फाटकापासून ओटा बावीस पावलं, तीही आठ वर्षांच्या पोराची. मी तेवढी चाललो नाही. मी तडक प्रेसमध्ये गेलो.

पत्रक संध्याकाळी छापून झालं. त्यात हरकरे बाईंबद्दल दोन वाक्यं होती. 'ही बाई वर्षानुवर्षं आमच्या वस्तीत शिकवते, पण आमच्या माठातलं पाणी पीत नाही.' आणि 'ही बाई आजही आमच्या लेकरांना ओंजळ करायला लावून वरून पाणी पाजते.' खाली माझं नाव. मी निनावी कधी लिहिलं नाही, याचा मला तेव्हा गर्व होता.

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर शंभरेक माणसं जमली. त्यात मी पुढे. बाई ओट्यावर आल्या. त्यांच्या हातात पत्रक होतं. त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि पाहत राहिल्या. मी घोषणा दिली. आठवड्याच्या आत शिक्षण खात्याचे साहेब जीपमधून आले. पुढे शाळेच्या चपराशाने गणपतला सांगितलं की बाई साहेबांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मुलांना विचारा. वर्गातल्या कोणत्याही मुलाला विचारा." साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी मुलांना विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही, आणि मुलं तर आमची होती. बाईंची बदली झाली, उमरेडच्या बाजूला, एका खेड्यातल्या शाळेत. आम्ही सभा घेतली. मी भाषण केलं. टाळ्या पडल्या.

आता सुलूबद्दल सांगायला हवं. सुलू माझी भाची, बहीण गेल्यापासून आमच्याकडेच वाढलेली. तेव्हा ती तिसरीत होती. सभेनंतर दोनेक आठवड्यांनी, मी अंगणात हात धूत होतो, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

"मामा, माह्या ओंजळीनं लिटर म्हणजे चौदा. तुह्या ओंजळीचे किती होते गा?"

मी विचारलं, "कोणतं लिटर?"

"पाण्याचं! बाईनं शिकवलं ना. लिटरच्या मापातून ओतत होत्या आमच्या ओंजळीत. खाली बादली ठेवली होती, सांडलं तर त्यात पडाले. ओंजळ भरली का पळत जाऊन निंबाच्या बुडाशी टाकाची. निशाच्या तेरा झाल्या, मोठ्या पंज्याची हाये ती. मंग बाई म्हणल्या का उद्या तिसरा रकाना करू, सांडलं किती त्याचा. अन् उद्या तर तुमची गर्दीच आली."

मी म्हणालो, "प्यायला नव्हतं ते पाणी?"

सुलूने माझ्याकडे, एखाद्या ढ पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "आपल्याकडे ओंजळीनं पेत असते का कोणी?"

भिंतीने बादली झाकली होती, कडुलिंबाचं बूडही झाकलं होतं. आणि वाकलेल्या पाठींत माझ्या स्वतःच्या भाचीची पाठ होती, ती मी ओळखली नव्हती. सुलू आत गेली आणि ते लांब दांड्याचं माप घेऊन आली. बाईंनी जाताना तिला दिलं होतं. ती कुणाची भाची ते बाईंना ठाऊक होतं. हजेरीपटात पालक म्हणून माझ्या वडिलांचं नाव होतं.

त्याच दिवशी मी भास्करकडे गेलो. म्हणालो, दुरुस्ती छापू. भास्कर जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"छापू म्हणतो? अन् उद्या आपण दुसरं पत्रक काढलं तर? म्हणतील, हेही तसंच असन. गावोगाव वरून पाणी टाकून राहिले का नाही? मागच्याच महिन्यात आपण पाहून आलो ना? ते खोटं हाये काय?"

"ते खरं आहे."

"तांब्याचं खोटं हाये?"

"तेही खरं आहे."

"मंग? एका बाईची बदलीच झाली ना बे. फाशी तर नाही झाली."

त्याचं म्हणणं उचलून मी घरी आलो. आज भास्करला दोष देणं सोपं आहे, पण मला तो द्यायचा नाही. मला ते म्हणणं हवंच होतं. चळवळ मोठी आणि एक बाई लहान, असं मी स्वतःला सांगितलं. कोण किती मोठं आणि कोण किती लहान, हेही मी मोजलं नव्हतं. तोही अंदाजच होता.

बाईंच्या जागी जे मास्तर आले ते वाईट नव्हते. ते कोष्टक पाठ करून घ्यायचे. दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटर, दहा सेंटिमीटर म्हणजे एक डेसिमीटर, पोरं झोपेत म्हणायची. कपाटात बाईंच्या बांबूच्या मीटरपट्ट्या होत्या, कित्येक वर्षांच्या पोरांनी खाचा पाडलेल्या. मास्तरांनी त्या छडी म्हणून वापरायला काढल्या. एकदा सुलू तळहातावर वळ घेऊन घरी आली. वळावर बारीक आडव्या रेघा होत्या, खाचांच्या. ती रडली नाही, रेघा मोजत बसली. मी तिथे होतो.

उमरेडची एसटी पकडताना बाईंना मी एकदा पाहिलं. सायकल सुटली होती. गुडघे गेले होते, हे पायरी चढण्यावरून दिसत होतं. बसला गर्दी होती. त्या दांडी धरून उभ्या राहिल्या, बस सुटली. मी स्टँडवर पानाच्या ठेल्याआड होतो. गुडघे धड नसताना रोज इतकं जाणं, रोज इतकं येणं, उभ्याने, आणि हे निवृत्त होईपर्यंत चाललं. मी मनात दर महिन्याला दुरुस्तीचं पत्रक लिहीत होतो. लिहीत होतो आणि वाक्य पेटत नव्हतं. कबुलीचं वाक्य पेटत नाही, ते विझलेलंच असतं. मला तशी वाक्यं लिहिण्याची सवय नव्हती.

मग गेल्या पावसाळ्यात गणपतने सांगितलं, बाई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आहेत, आणि फार दिवस नाहीत. "जाऊन ये," तो म्हणाला. "अन् काय बोलाचं ते बोलून घे, लेका. मले नको सांगू, त्यायले सांग."

दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली होती. बाई वाळून लहान झाल्या होत्या. उशाला फिरकीचा तांब्या नव्हता. दवाखान्याचा काचेचा जग होता, त्यावर स्टीलचा पेला पालथा घातलेला. मला पाहिल्यावर त्या हसल्या, नावाने हाक मारली, आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं:

"खालच्या दारापासून इथवर किती पावलं? अंदाज सांग."

"साठ," मी म्हणालो.

"मोजलीस?"

"नाही बाई."

"जाताना मोज."

नर्स औषध घेऊन आली. झाकणात ओतताना थोडं कमी पडलं तर बाईंनी बोटाने दाखवलं, "इथवर रेघ आहे, बेटा." नर्स कंटाळली होती, पण तिने रेघेपर्यंत ओतलं. मग आम्ही दोघेच उरलो. बाईंनी गणपतचं विचारलं, चिंधूचं विचारलं. चिंधू वेकोलिच्या कोळसा खाणीत लागल्याचं ऐकून खूश झाल्या. सुलूचं विचारलं. ती आठवीत गेली आणि गणितात वर्गात पहिली आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या:

"तुझ्या पत्रकातलं तांब्याचं वाक्य बरोबर होतं. मला राग आला होता, पण ते बरोबर होतं. मोजून लिहिलं होतंस. माझ्या सासरची सवय ती, मी कधी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. उमरेडच्या शाळेत मी पहिल्या दिवसापासून माठातलं पाणी प्यायले."

आणि त्या थांबल्या.

पत्रकात दोन वाक्यं होती. एकाचा हिशेब त्यांनी स्वतः पूर्ण केला होता, मरणाच्या दारात, त्यांच्याकडून कुणी मागितला नसताना. दुसरं त्यांनी माझ्यासाठी सोडलं होतं. त्या मला काही विचारत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या, तिसरीच्या वर्गात थांबायच्या तशा. एखादं पोरगं फळ्यासमोर अडलं की बाई त्याला उत्तर सांगत नसत, खडू हातात देऊन थांबत. खिडकीबाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. मला दुसरं वाक्य येत होतं. पाठ होतं. 'बाई, ओंजळीचं खोटं होतं, मी न बघता लिहिलं, आणि कळल्यावरही गप्प बसलो.' एवढंच तर होतं.

मी म्हणालो, "बाई, येतो मी. सभा आहे सहाला."

"ये," बाई म्हणाल्या. "पावलं मोज."

मी मोजली. जिन्याच्या वळणावर चाळीसावं पाऊल पडलं आणि मी थांबलो. वर खोली होती, खाली दार. कठड्याला धरून किती वेळ उभा होतो, माहीत नाही. वाटलं, पुढच्या आठवड्यात येऊ, नीट तयारीने, लिहूनच आणू. ज्याला आयुष्यभर घाई होती, त्याला नेमका तिथेच धीर सुचला! मी खाली उतरलो. एकूण एक्क्याऐंशी पावलं झाली. पुढच्या आठवड्यात प्रेसमध्ये गणपत आला.

बाईंना मूलबाळ नव्हतं. यजमान आधीच गेले होते. दहाव्या दिवशी मी महालातल्या त्यांच्या घराकडे गेलो आणि कोपऱ्यावरून परतलो. आत जाऊन कुणाला काय सांगणार होतो? ज्यांना सांगायचं होतं त्या नव्हत्या. ज्यांच्यासमोर खोटं बोललो ती माणसं मात्र आहेत. ती ही पुरवणी वाचतात, निदान त्यांची पोरं वाचून दाखवतात. म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. बंधूंनो, हरकरे बाई त्या दिवशी आपल्या लेकरांना लिटर शिकवत होत्या. मी पाहिलं नाही. मी लिहिलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला.

लांब दांड्याचं ते माप इतकी वर्षं आमच्याच घरात आहे. माठाशेजारी खिळ्याला टांगलेलं. आई त्यानेच माठातून पाणी काढते. मी रोज त्यातून पेल्यात घेतलेलं पाणी प्यालो आहे. गेल्या रविवारी मी ते काढलं आणि सुलूला म्हणालो, "माझ्या ओंजळीचे किती होतात, बघू."

ती आता माझ्या खांद्याला लागते. वहीचं एक पान तिने काढलं, दोन रेघा मारल्या, तीन रकाने केले. अंदाज, माप, सांडलं. मी अंदाज सांगितला, चार. मग अंगणात वाकलो, हात जोडले. तेव्हा मला एक साधी गोष्ट पहिल्यांदा कळली. ओंजळीने माप घ्यायचं तर आपल्याला एकट्याला जमत नाही. दोन्ही हात गुंतलेले असतात. ओतणारं दुसरं कुणीतरी लागतं, आणि ते वरूनच ओततं.

खाटेवर वडील बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता कमी दिसतं, पण माझे जोडलेले हात त्यांना दिसले. घरातला नियम मोडत होता आणि मोडणारा मी होतो. मी म्हणालो, "बाबा, प्यायला नाही. मोजायला." मग त्या दिवशी भिंतीपलीकडे काय होतं ते त्यांना सांगितलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. ऐकून ते खाटेवरून उठले, चाचपडत मोरीशी गेले, बादली उचलून आणली आणि माझ्या हातांखाली ठेवली.

"ओत वं," ते सुलूला म्हणाले.

सुलूने ओतलं. मी बोटं घट्ट धरली होती, तरी करंगळीजवळून धार लागली. ओंजळ भरली की मी ती बाजूला मातीत टाकत होतो. एक, दोन, तीन... वडील बाजूला उभे राहून मोजत होते. सहा झाल्या, आणि वर थोडं. सुलूने उजवीकडे सहा लिहिले. माझे चार डावीकडे तसेच राहू दिले. मग बादली कलती करून तिने तळाशी किती साचलं ते चहाच्या कपाने मोजलं. दीड कप. लिहिलं.

तिची पेन्सिल मागून घेऊन मी त्या पानावर खाली आणखी एक ओळ लिहिली. डाव्या रकान्यात माझ्या पत्रकातलं दुसरं वाक्य, जसं छापलं होतं तसं. शेजारी, 'बाई लिटर शिकवत होत्या.' आणि वही तिला परत दिली.

सुलूने वाचलं. वही माझ्यापुढे केली.

"मामा," ती म्हणाली, "सांडलं किती, ते नाही लिहिलं."